तिसरा पुकारा

बाबांनी कोर्टाच्या सज्जातून नाव पुकारलं, की चौकात आधी कबुतरं उठायची आणि मग माणूस उठायचा. कबुतरांचा कोणावर दावा नव्हता, तरी ती इमानेइतबारे हजेरी लावायची. माणूस मात्र कपडे झटकायचा, शेजारच्याला 'आलोच' म्हणायचा आणि पायऱ्यांकडे निघायचा. त्या दगडी पायऱ्या मधोमध झिजून बशीसारख्या झाल्या होत्या. काठाने कोणी चढतच नसे. जिंकायला निघालेला मधूनच जायचा आणि हरायला निघालेलाही मधूनच.

गावाचं नाव सांगून कोणाला आठवलं नाही, तर 'ते मोठं कोर्ट आणि पुढे चौक, तेच हो,' असं म्हणायचं. मग त्याची मान हलायची. औषधांच्या दुकानाच्या कॅलेंडरवर ते कोर्ट, साबणाच्या वेष्टनावर ते कोर्ट, चित्रकलेच्या तासालाही तेच. खांब काढता काढता पोरांच्या पेन्सिली झिजायच्या. चौक एवढा ऐसपैस की एका टोकाला न्हावी दाढी करत असला, तर दुसऱ्या टोकाच्या सायकलवाल्याला दाढी कोणाची ते कळत नसे. पण बाबांचा आवाज त्या सायकलवाल्यापर्यंत जायचा, आणि त्याच्या हातातला पाना क्षणभर थांबायचा. नाव, बापाचं नाव, गाव, हजर राहा. असं तीनदा. तिसऱ्या पुकाऱ्यालाही माणूस आला नाही, की आत जज्जसाहेब 'गैरहजर' लिहायचे आणि कागद खाली जायचा. खाली गेलेला कागद वर काढायचा म्हणजे विहिरीत पडलेली घागर काढण्यापैकी.

चौकात बाबांना सगळे पुकारेकाका म्हणायचे आणि त्यांच्या थोरल्या लेकीला शिट्टी. कारण ती बापाचा गळा घेऊनच जन्माला आली होती. तान्ही असताना ती रडली आणि वर सुनावणी थांबली, ही गोष्ट चहावाला अजून नव्या माणसाला सांगायचा. दर वेळी सुनावणी जास्त मोठ्या खटल्याची व्हायची. शेवटी शेवटी तर तो खुनाचा खटला झाला होता.

या गळ्याचा घरात काडीचा उपयोग नव्हता. नोकरीबरोबर मिळालेल्या त्यांच्या दोन खोल्या कोर्टाच्या पाठीलाच चिकटलेल्या. स्वयंपाकघराची भिंत तीच खालच्या सुनावणीच्या खोलीची भिंत. इकडे भांडं पडलं की तिकडे वकील अडखळायचा. त्यामुळे कोर्ट चालू असेतोवर घरात आवाज काढायचा नाही, हा नियम. आई, शिट्टी आणि धाकटी, तिघीजणी नुसत्या ओठांनी बोलायच्या. मीठ दे. दूध उतू जातंय. धाकटीला न्हाऊ घाल. भांडणंसुद्धा ओठांनीच व्हायची, आणि ती पाहण्यासारखी असायची. आई चुलीपाशी उभी राहून तोंडातून 'ब्र'सुद्धा न काढता अशी काही झापायची, की शिट्टीला कान बंद करून उपयोग नव्हता, डोळे बंद करावे लागायचे.

आणि त्या उन्हाळ्यात बाबांचा गळा बसला.

उन्हाळा तसा होताच. चौकातला हौद तळापर्यंत सुकला होता, त्यात एक चप्पल आणि पानांचा कचरा उरला होता. तळ्याकडच्या वीटभट्ट्यांची लाल धूळ वाऱ्यावर यायची आणि कोर्टाच्या खांबांवर बसायची, तशीच बाबांच्या घशात बसली. आधी आवाज फाटला. मग दुसऱ्या पुकाऱ्यानंतर दम लागायला लागला. आई मिठाच्या गुळण्या द्यायची, डोक्यावर चादर घालून वाफ द्यायची. चादरीखालून बाबा बाहेर यायचे ते वाफाळलेल्या बटाट्यासारखे, पण आवाज मात्र जिथल्या तिथे.

"डॉक्टरांना दाखवा ना," आई म्हणायची.

"डॉक्टर शिरस्तेदारांच्या पंगतीतला. आज दाखवलं की उद्या वर कळेल."

"कळलं तर कळलं."

"मग या खोल्यांत कोण राहणार? डॉक्टर?"

शिरस्तेदार म्हणजे कोर्टाच्या सगळ्या शिपायांचे वरिष्ठ. त्यांनी गेल्या वर्षीच सज्जात कर्णा बसवू म्हटलं होतं. बाबांनी तेव्हा खाली उभं राहून वर पाहिलं होतं आणि म्हणाले होते, "हे कोर्ट बांधणाऱ्याने कमान अशी घातलीय की आवाज आपोआप चौकात पडतो. त्याला कर्णा लावायचा म्हणजे सिंहाच्या तोंडात पिपाणी." सगळे हसले होते, शिरस्तेदारही. आता ते हसणं बाबांच्या घशात अडकलं होतं.

शिट्टीची शाळा सकाळची. कोर्ट सुरू व्हायच्या सुमाराला ती दप्तर घेऊन चौकातून घरी यायची. एके दिवशी तिने सहज वर पाहिलं. बाबा सज्जात उभे होते, हात कठड्यावर, मान उंच, गळ्याच्या शिरा दोरासारख्या ताणलेल्या. तोंड उघडत होतं, मिटत होतं. आणि कबुतरं दाणे टिपत होती.

कबुतरं उठली नाहीत, एवढ्यावरूनच तिला सगळं समजलं. मग सवयीने तिने ओठ वाचले. दूधवाल्याचं नाव होतं. दूधवाला झाडाच्या पारावर बसून आपल्या किटलीच्या झाकणात स्वतःचं तोंड न्याहाळत होता.

"काका, तुमचा पुकारा झाला."

"कधी?"

"आत्ता. दोन झाले. ऐकलं नाहीत?"

दूधवाल्याने कानात करंगळी घातली, हलवली, करंगळी पाहिली आणि धावत सुटला.

त्या रात्री जेवताना बाबांनी आपल्या ताटातला मोठा बटाटा उचलून तिच्या ताटात ठेवला. धाकटी म्हणाली, "मला?" तर आईने ओठांनीच तिला गप्प केलं, कोर्ट चालू नसताना.

तेव्हापासून ते सुरू झालं. शिट्टी शाळेतून यायची आणि चौकाच्या मध्यावर, हौदाच्या कठड्यावर पुस्तक उघडून बसायची. डोळे वर. बाबांचे ओठ हलले की पुस्तक मिटायचं आणि पाय चालायला लागायचे. कुठल्या गावचे लोक कुठे बसतात ते तिला पाठ होतं. टेकडीकडचे झाडाखाली, तळ्याकडचे हौदापाशी, शहरातले चहावाल्याच्या बाकावर कारण त्यांना धूळ चालत नसे. "मामा, झाला तुमचा पुकारा." "मावशी, उठा, तुम्हाला बोलावलं." आणि कोणी 'आम्हाला कसं ऐकू नाही आलं' म्हटलं की ती खांदे उडवायची. "सगळ्यांना तर आलं."

याचा परिणाम असा झाला की सगळ्या चौकाला आपण बहिरे झालो असं वाटायला लागलं. कानातला मळ काढणारा एक म्हातारा कोपऱ्यात बसायचा. वर्षभर माशा मारणाऱ्या त्या माणसासमोर आता रांग लागली. तो सळई फिरवत म्हणायचा, "धूळ आहे हो, धूळ. या साली कानाला फार लागलीय." दूधवाला तर दोनदा जाऊन आला. शिट्टीला ते पाहून इतकं हसू यायचं, की पुस्तकात तोंड खुपसावं लागायचं.

हसू आलं तेव्हा ती हसली. पुढे त्या हसण्याचं काय होणार आहे, हे तिला कुठे ठाऊक होतं.

शाळेत पीटीच्या बाईंना सगळ्या शाळांच्या मोठ्या कवायतीसाठी हुकूम देणारी मुलगी हवी होती. त्यांनी सगळ्या वर्गांतून मुली उभ्या केल्या. शिट्टीची पाळी आली, तेव्हा तिने घरच्या सवयीने बेताबेताने 'सावधान' म्हटलं.

"अजून मोठ्याने," बाई म्हणाल्या.

तिने अजून मोठ्याने म्हटलं.

"अगं, घाबरतेस कोणाला? अजून मोठ्याने."

उभ्या आयुष्यात तिला कोणी असं म्हटलं नव्हतं. तिने छाती भरून हवा घेतली आणि हुकूम सोडला. अख्ख्या मैदानावरच्या टाचा एकदम जुळल्या. पलीकडच्या रस्त्यावर एक सायकलस्वारही पाय टेकून उभा राहिला. मग बाईंनी तिला थांबवून घेतलं, रांगा वळवायला शिकवलं, थांबवायला शिकवलं. दुपार कधी झाली ते तिला कळलंच नाही. कळलं नाही असं तरी कसं म्हणावं. एकदा मनात आलं होतं, बाबा सज्जात असतील. पण समोर एवढ्या रांगा तिच्या एका शब्दावर उभ्या होत्या, आणि ती म्हणाली होती, डावीकडे वळ.

ती चौकात आली तेव्हा पाय जमिनीला लागत नव्हते. कोपऱ्यातल्या हातपंपापाशी टोपलीवाली मावशी बसली होती. दरवेळी ती हौदापाशी बसायची, कारण वेत भिजवल्याशिवाय वाकत नाही. हौद आटल्यापासून ती पंपाकडे सरकली होती, चौकाच्या पार टोकाला. पुढ्यात ओल्या वेतांची जुडी, पायाच्या अंगठ्यात धरलेली टोपलीची बैठक, आणि बोटं चालू. कोर्टात येऊनसुद्धा ती रिकामी बसत नसे. तारखेला येताना वेत आणायची आणि जाताना टोपल्या न्यायची. चहावाला म्हणायचा, हिचा निकाल लागेपर्यंत साऱ्या गावाच्या भाकऱ्या हिच्याच टोपल्यांत असतील.

"काय गं शिट्टी, आज उशीर?" मावशी म्हणाली. "माझा नंबर कधी येतोय बघ बाई. ऊन कलायला लागलं."

शिट्टीने वर पाहिलं. सज्जा रिकामा होता.

तेवढ्यात पायऱ्यांवरून भट्टीवाला खाली आला. याच्या वीटभट्ट्या तळ्याला लागून. तळ्याकाठचं वेताचं बेट मावशीच्या सासऱ्यापासून त्यांच्या घराकडे होतं. भट्टीवाल्याला त्याच्या खालची माती हवी होती. म्हणून तर मावशीचा दावा होता. भट्टीवाल्याच्या हातात शेंगदाण्यांची पुडी होती. तो पंपापाशी थांबला, चूळ भरली आणि तोंड पुसत म्हणाला, "मावशी, घरी जा आता. तुमचं झालं."

"काय झालं?"

"दावा निकालात निघाला. तीनदा पुकारलं, तुम्ही आला नाहीत."

मावशीची बोटं थांबली नाहीत. एक वेत वर, एक खाली. "मी तर इथेच बसलेय की. सकाळपासून."

"बसला असाल. कोर्टाला त्याचं काय?" त्याने पुडीतले दाणे तिच्यापुढे धरले. "घ्या. आणि टोपल्यांपुरता वेत कापून न्या चार दिवसांत. मग मी पेटवून देणार. मुळं फार खोल जातात हो त्याची, खणता येत नाही."

तो गेल्यावर मावशीने वेत दातात धरून तोडला आणि शिट्टीकडे पाहिलं. "तुझ्या बापाचा आवाज मला माझ्या घरी झोपेत ऐकू येईल गं. आज कसा नाही आला?"

एवढ्या रांगा हलवून आलेला गळा, पण त्यातून एक शब्द निघेना.

घरी कोर्ट सुटेपर्यंत ओठांवरच काम चाललं. शिट्टीने पाणी प्यायला घरात आलेल्या बाबांना विचारलं, ओठांनी. बाबा म्हणाले, पुकारलं. किती ऐकू आलं? बाबांनी पाठ फिरवली. पाठ फिरवली की या घरात बोलणं संपायचं.

संध्याकाळी आई चूल फुंकत म्हणाली, "ती अर्ज करणार आहे म्हणे, दावा परत चालवायला घ्या म्हणून. तिचा अर्ज लिहून देणारा खाली विचारत होता, पुकारा झाला की नाही."

"झाला," बाबा म्हणाले. आता हा आवाज म्हणजे फरशीवर खुर्ची ओढल्यासारखा.

"तेच सांगा म्हणजे झालं."

"आई, पण कोणालाच ऐकू आलं नाही," शिट्टी म्हणाली.

"तू हळू बोल."

"कोर्ट सुटलंय."

"तरी हळू बोल." आईने फुंकणी खाली ठेवली. तिचे डोळे धुराने लाल झाले होते, की कशाने कोण जाणे. "ह्यांनी 'नाही झाला' म्हणायचं आणि आपण पोतं-भांडं घेऊन कुठे जायचं? हौदात राहायचं? तिचं वेताचं बेट जातंय, मला वाईट नाही वाटत? पण आपलं छप्पर जातंय."

"माझ्यामुळे झालं. मी नव्हते म्हणून."

"तू पगारी आहेस का?" बाबा म्हणाले आणि खोकायला लागले. खोकला थांबल्यावर तेवढंच परत म्हणाले, पण ओठांनी. त्यात राग होता की लाज, ते ओठांवरून वाचता येत नाही. त्याला आवाज लागतो.

अर्जाची सुनावणी चार दिवसांच्या आतच लागली. भट्टीवाल्याने तोवर बेटाच्या एका कडेला वाळलेला पाला रचून ठेवला होता. मावशीने त्या दिवशी वेत आणला नव्हता. रिकामे हात मांडीवर कसे ठेवायचे ते तिला माहीत नसावं. ती सारखी पदराचं टोक विणल्यासारखं बोटांत फिरवत होती.

शिट्टी बाबांसाठी पाण्याचा तांब्या घेऊन वरच्या सुनावणीच्या खोलीच्या दाराशी उभी राहिली. जज्जसाहेब नवे होते, चष्म्याच्या काड्या सारख्या वर ढकलणारे. त्यांची खुर्ची आत, पंख्याखाली. बाबा बाहेर गेलेले त्यांना दिसायचे, आत आलेले दिसायचे. मधलं काही ऐकायची त्यांच्यावर वेळच आली नव्हती.

"पुकारा तीनदा झाला होता?" त्यांनी विचारलं.

बाबांनी मान हलवली.

"तोंडाने सांगा."

"झाला, साहेब."

साहेबांनी चष्मा वर ढकलला आणि बाबांकडे जरा जास्त वेळ पाहिलं. "तुमचा आवाज असाच आहे?"

"जरा सर्दी आहे."

भट्टीवाल्याचा वकील उठला. गोल, गोड बोलणारा माणूस. "साहेब, सर्दीचा प्रश्नच नाही. प्रश्न कानाचा आहे. बाईंना ऐकू येत नाही. एकट्या बाईंनाच असं मी म्हणत नाही. या चौकातल्या निम्म्या लोकांचे कान या उन्हाळ्यात धुळीने भरलेत. कोपऱ्यातल्या कानवाल्याकडची रांग आपण स्वतः पाहिली असेल. पुकारा होतो, यांना ऐकू येत नाही, कोणीतरी पोर जाऊन सांगतं तेव्हा हे उठतात. आता बाईंना कोणी सांगितलं नाही, याला माझे अशील काय करणार?"

कोर्टात खसखस पिकली. दूधवालाही तिथे होता, त्याने नकळत कानाला हात लावला. 'सगळ्यांना तर आलं.' हे शिट्टीचंच वाक्य होतं. तिनेच चौकभर पेरलं होतं, आणि आता वकील त्याची कापणी करत होता.

मावशी उठून उभी राहिली. "मला ऐकू येतं. मी टोपलीवाली आहे, वेत आतून चिरला की त्याचा आवाज मला येतो. वाटलं तर परीक्षा घ्या."

"परीक्षेत त्या ऐकू आलं तरी उठणार नाहीत, साहेब," वकील म्हणाला. "फायदा त्यातच आहे."

साहेबांनी पेन टेबलावर आडवं ठेवलं. "बरोबर आहे. मग त्यांना नको उठायला. बाई इथेच थांबतील, तुम्हीही थांबा. पुकारेवाले, आजच्या यादीतलं पुढचं प्रकरण नेहमीसारखं पुकारा. खाली बसलेल्यांना यात काही माहीत नाही. त्यांची तारीख आहे, ऐकू आलं तर ते येतील." ते उठले आणि चौकाकडच्या खिडकीत जाऊन उभे राहिले. "बघू."

बाबा दाराशी आले. तिच्या हातातला तांब्या घेतला, एक घोट घशाखाली उतरवला. तांब्याच्या आडून, फक्त तिला दिसेल असे त्यांचे ओठ हलले.

खाली जा.

ती झिजलेल्या पायऱ्या उतरली. ऊन डोक्यावर आलं होतं, चौक तापलेल्या तव्यासारखा. टेकडीकडचे लोक झाडाखाली पेंगत होते. बाकावर शहरातले दोघे वारा घेत होते. हौदाच्या कठड्यावर, तिच्याच जागेवर, पाववाला बसून काडीने दात कोरत होता. त्याचा भाडेकरूशी काहीतरी वाद होता. सारं तिच्यापासून हाकेच्या अंतरावर होतं, हाक कोणाची का असेना.

सज्जात बाबा आले. हात कठड्यावर, मान उंच. शेजारच्या खिडकीत साहेबांचा चष्मा चमकला.

बाबांचं तोंड उघडलं. पाववाल्याचं नाव, त्याच्या बापाचं नाव, गाव. कबुतरं दाणे टिपत राहिली.

पाववाला तिच्यापासून एवढा जवळ होता, की नुसतं 'काका' म्हटलं असतं तरी पुरलं असतं. म्हणायचंही कशाला, बोटाने वर दाखवलं असतं तरी तो उठला असता. मग छप्पर राहिलं असतं, चूल राहिली असती, चार लोकांत बाबांचा मान राहिला असता. आणि संध्याकाळी तळ्याकडून धूर आला असता. ओल्या मुळांचा धूर फार दिवस राहतो.

दुसरा पुकारा. बाबा आता साहेबांकडे नव्हते बघत, चौकाकडे नव्हते बघत, तिच्याकडे बघत होते. गळ्याच्या शिरा अशा तटतटल्या होत्या, की तिला वाटलं, आता एखादी तुटेल. तिच्या स्वतःच्या घशात ते नाव चढून बसलं.

तिने हात पाठीमागे नेले. डाव्या मुठीत उजवं मनगट धरलं, पाय थोडे फाकले. शाळेत 'विश्राम' म्हटल्यावर उभं राहतात तशी ती उभी राहिली आणि बाबांकडे बघून तिने मान हलवली. नाही.

तिसरा पुकारा झाला. पाववाल्याने काडी टाकली, दुसरी घेतली.

खिडकीतला चष्मा आत गेला. थोड्या वेळाने तिथे टोपलीवाली मावशी दिसली. तिने खिडकीच्या गजाला धरलं होतं आणि डोकं त्या हातांवर टेकलं होतं. मागून साहेबांचं काहीतरी बोलणं चाललं होतं, भट्टीवाल्याचा वकील हातवारे करत होता, पण मावशीचे सैल झालेले खांदेच सांगत होते की कागद विहिरीतून वर आला. शिरस्तेदार सज्जाच्या दारात येऊन उभे राहिले. त्यांनी एकदा वरच्या कमानीकडे पाहिलं, कर्णा कुठे बसेल ते बघावं तसं, आणि काही न बोलता आत गेले.

बाबा एकटे राहिले. कठडा सोडला तर पडतील असे उभे. शिट्टीला वाटलं, आता पाठ फिरवतील. पाठ फिरवली की संपलं, मग आज रात्री, उद्या, कदाचित कधीच. तिने मनगट तसंच धरून ठेवलं, 'विश्राम'मध्ये हलायचं नसतं.

त्यांनी पाठ फिरवली नाही. एका हाताने डोळ्यांवरचा घाम पुसला. मग तिच्याकडे पाहिलं, चुलीपाशी बसून 'मीठ दे' म्हणताना बघायचे तसं, अगदी साधं. आणि त्यांचे ओठ हलले. पाववाल्याचं नाव, त्याच्या बापाचं नाव, गाव.

यादी अजून संपलेली नव्हती. माणसं लांबून आली होती.

शिट्टीने छाती भरून हवा घेतली. कोर्टाच्या मागच्या कोपऱ्यावरून आई पदराला हात पुसत पुढे आली होती, तिच्या कडेवर धाकटी. आईचे ओठ सवयीने 'हळू' म्हणायला उघडले आणि तसेच राहिले.

तिने पुकारलं.

चौकातली सगळी कबुतरं एकदम उठली. सायकलवाल्याच्या हातातला पाना थांबला. कोपऱ्यातल्या म्हाताऱ्याने गिऱ्हाइकाच्या कानातून सळई बाहेर काढली. पाववाला दचकून उभा राहिला, कपडे झटकले, शेजारच्याला 'आलोच' म्हणाला आणि निघाला. आवाज त्याच्या शेजारून आला होता, पण त्याने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. जन्मभराच्या सवयीने त्याची मान वर गेली होती, सज्जाकडे. पुकारेकाकांकडे बघून त्याने हात वर केला, ऐकलं, म्हणून.

वरून बाबांनीही हात वर केला.

मग त्यांनी पुढचं नाव घेतलं, ओठांनी.